पुराआधीची परीक्षा

मागच्या प्रकरणात आपण युनिट टेस्ट पाहिल्या. प्रोग्रामचा एक छोटा तुकडा घ्यायचा, त्याला ठरावीक आकडे द्यायचे आणि अपेक्षित उत्तर येतं का ते तपासायचं. हे काम रोज आणि न चुकता झालं पाहिजे. पण सगळे तुकडे आपापल्या जागी बरोबर असूनही सॉफ्टवेअर ऐन वेळी दगा देऊ शकतं. ते का आणि त्यावर कोणत्या चाचण्या लावायच्या, हे समजून घ्यायला सातारा-सांगलीच्या पुरासारखं दुसरं उदाहरण नाही.

कृष्णेच्या पुराचं गणित एका गावात सुटत नाही. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर या भागात पाऊस कोसळतो. कोयना धरणाची आवक वाढते आणि सहा वक्र दरवाजे उचलून विसर्ग सुरू होतो. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते. सांगलीच्या थोडं खाली हरिपूरला वारणा येते. तिलाही पूर असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकायला वाव राहत नाही. या सगळ्याचा निकाल सांगलीकर आयर्विन पुलाजवळच्या पातळीवरून वाचतात. तिथे ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

या खोऱ्यात पुराचा अंदाज आज संगणकाशिवाय होत नाही. जलसंपदा विभागाने जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या हायड्रॉलॉजी प्रोजेक्टच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पाऊस व पातळी मोजणारी स्वयंचलित केंद्रं उभारली. जोडीला पूर-अंदाजाची आणि धरण-परिचालनाची प्रणाली आली. तिचा गणिती भाग डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेने तयार केला. अशा प्रणालीत उपकरण, नेटवर्क, डेटाबेस, गणिती मॉडेल, वेबपान आणि मोबाईल संदेश अशी लांबलचक साखळी असते. प्रत्येक कडी वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वेळी घडवलेली असते.

आपण या प्रकरणासाठी एक छोटं काल्पनिक सॉफ्टवेअर धरू. ते नदीकाठच्या केंद्रांवरून आकडे घेतं, पुढच्या काही तासांची पातळी काढतं आणि गावागावांतल्या सरपंच, पोलीस पाटील, तलाठी यांना संदेश पाठवतं. सांगलीच्या वालचंद किंवा कराडच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातले चार-पाच विद्यार्थी वर्षभरात लिहू शकतील एवढंच. त्याच्या सगळ्या युनिट टेस्ट पास झाल्या आहेत. आता पुढे काय?

जोडावरची चूक: ४५ फूट १० इंच

पहिली चाचणी जोडांची. दोन भाग एकमेकांशी बोलतात तिथे दोघांचा समज एकच आहे का, हे तपासायचं.

पुलाजवळची पातळी फूट-इंचांत सांगितली जाते. पंचेचाळीस फूट नऊ इंच हे नोंदवहीत ४५.९ असं लिहायची सवय आपल्याकडे जुनी आहे. वाचणाऱ्या माणसाला त्यात काही अडचण येत नाही. प्रोग्राम मात्र तो दशांश समजतो. पाणी आणखी एक इंच चढलं की नोंद होते ४५.१०. प्रोग्रामच्या लेखी ४५.१० म्हणजे ४५.१. नदी एक इंच वर गेली आणि पडद्यावर जवळपास दहा इंच खाली आली! धोका पातळीवरून पाणी चढत असताना हे सॉफ्टवेअर गावाला सांगेल की पूर ओसरतोय.

यात चुकलं कोण? नोंद घेणाऱ्याने नेहमीच्या पद्धतीने नोंद घेतली. आकडा वाचणारा तुकडा दशांश बरोबर वाचतो, त्याची युनिट टेस्ट पास आहे. चूक दोघांच्या मधोमध आहे आणि ती फक्त दोघांना एकत्र चालवल्यावर दिसते. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बायटर हे यान १९९९ मध्ये असंच गेलं. एका गटाचं सॉफ्टवेअर बलाचा हिशेब ब्रिटिश एककांत देत होतं आणि दुसऱ्या गटाचं तो मेट्रिक समजून घेत होतं.

आपल्या खोऱ्यात एककांची गर्दी आहेच. पुलावर फूट, केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांवर समुद्रसपाटीपासून मीटर, विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट), साठा टीएमसीमध्ये. म्हणून प्रत्येक जोडावर लेखी करार हवा: आकडा कोणत्या एककात, कोणत्या संदर्भपातळीपासून, कोणत्या वेळेचा. हा करार दोन्ही बाजूंना आपोआप तपासून पाहणाऱ्या चाचणीला कॉन्ट्रॅक्ट टेस्ट म्हणतात आणि त्यासाठी पॅक्टसारखं साधन मिळतं. खरा डेटाबेस जोडून चाचणी घ्यायची तर टेस्टकंटेनर्स आहे. ते चाचणीपुरता खराखुरा डेटाबेस उभा करतं आणि काम झालं की मोडून टाकतं. खोट्या डेटाबेसवर पास झालेली चाचणी खऱ्यावर नापास होणं नेहमीचं आहे. म्हणून ही थोडी जास्तीची मेहनत वाया जात नाही.

पाण्याचा ताळेबंद

युनिट टेस्टमध्ये उदाहरणं आपण निवडतो आणि आपल्याला सुचतात तेवढीच निवडतो. न सुचलेल्या प्रसंगांसाठी वेगळी रीत आहे. उदाहरणं द्यायचीच नाहीत, नियम द्यायचा आणि शेकडो उलटसुलट उदाहरणं यंत्राला तयार करू द्यायची. क्विकचेक हे या रीतीचं पहिलं गाजलेलं साधन. ते कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी स्वीडनमध्ये तयार केलं आणि त्यावरचा त्यांचा निबंध २००० साली आला. पायथॉनमध्ये हेच काम हायपोथेसिस करतं.

धरणासाठी नियम शोधायला लांब जावं लागत नाही: आत आलेलं पाणी वजा बाहेर गेलेलं पाणी म्हणजे साठ्यातला फरक. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे ११,५७४ क्युसेकची आवक दिवसभर टिकली तर साठा सुमारे एक टीएमसीने वाढला पाहिजे. कोणत्याही आवकेला, कोणत्याही विसर्गाला, कोणत्याही तासाला हा ताळेबंद जुळलाच पाहिजे.

कोयनेच्या खऱ्या आकड्यांवर हा नियम लावला की पहिल्याच फेरीत गोची होते, ताळेबंद जुळत नाही. कारण कोयनेचं पाणी दोन दिशांना जातं. दरवाज्यांतून आणि पायथा विद्युतगृहातून ते पूर्वेला कराडकडे येतं. पण वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरलेलं पाणी कृष्णेत कधीच येत नाही, ते वाशिष्ठीच्या खोऱ्यात जातं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फक्त पूर्वेचा विसर्ग धरला असेल तर त्याच्या सगळ्या युनिट टेस्ट त्याच समजुतीवर लिहिलेल्या असतील आणि पासही होतील. नियमावर आधारलेली चाचणी माणसाच्या समजुतीलाच प्रश्न विचारते. कोयनानगरच्या अभियंत्याने एका वाक्यात सांगितली असती अशी गोष्ट ती बाहेर काढते आणि त्या अभियंत्याशी बोलायला भाग पाडते.

जुने पूर पुन्हा आणणं

पूर-सॉफ्टवेअरसाठी सगळ्यात मोलाची चाचणी म्हणजे येऊन गेलेले पूर पुन्हा चालवणं. २००५, २०१९, २०२१ या वर्षांचे तासातासाचे आकडे घ्यायचे आणि ते आज येत आहेत असं समजून सॉफ्टवेअरला क्रमाने द्यायचे. घड्याळ वेगाने फिरवायचं, दोन आठवड्यांचा पूर अर्ध्या तासात संपवायचा आणि बघायचं: पहिला इशारा कधी निघाला? खरोखर पाणी चढण्याच्या किती तास आधी? कोणत्या गावाला निघालाच नाही?

इथे एक प्रसंग जवळून पाहू. पावसाचं उपकरण बिघडलं की वाटेल ते आकडे देतं. म्हणून प्रोग्रामर चाळणी लावतो: २४ तासांत ५०० मिलिमीटरच्या वर पाऊस दाखवला तर ते उपकरण नादुरुस्त धरायचं आणि आकडा टाकून द्यायचा. नियम शहाणपणाचा वाटतो. त्याची युनिट टेस्टही आहे: ९,९९९ दिला, टाकला गेला, पास. आता जुलै २०२१ चा पूर चालवा. २२ ते २३ जुलैच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या त्याच दिवसांतली ही गोष्ट. आपली चाळणी नेमका हाच आकडा कचरा म्हणून फेकून देते. ज्या दिवसासाठी हे सॉफ्टवेअर लिहिलं, त्याच दिवशी त्याला पाऊस दिसत नाही.

उपाय म्हणून ५०० चे ७०० करून भागत नाही, कारण पुढचा पाऊस आपल्याला विचारून पडणार नाही. संशयास्पद आकडा टाकून न देता त्यावर खूण करायची, शेजारच्या केंद्रांशी आणि धरणाच्या आवकेशी ताडून पाहायचा आणि ड्युटीवरच्या माणसापुढे ठेवायचा. डिझाईनमधला हा बदल जुना पूर चालवल्यामुळे सुचतो. नुसता कोड वाचून तो सुचणं अवघड आहे.

जुने पूर वापरताना एक पथ्य मात्र पाळायचं. मॉडेल ज्या पुरांवर बेतलं, त्याच पुरांवर त्याची परीक्षा घ्यायची नाही. एक पूर बाजूला ठेवायचा. २०१९ चा पूर कित्येक दिवस चढत गेला आणि रेंगाळला. २०२१ चा दोन-तीन दिवसांच्या विलक्षण पावसाने झपाट्याने आला. एकावर बेतलेलं मॉडेल दुसऱ्यावर किती टिकतं, यावरूनच त्याची खरी लायकी कळते.

या चाचणीसाठी बाजारातलं एखादं खास साधन लागत नाही. आकड्यांच्या फायली, त्या क्रमाने सोडणारा छोटा प्रोग्राम आणि निकालांचा तक्ता एवढं पुरतं. ‘कोणतं टूल घ्यायचं’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी ‘शंभर ओळींचं आपलंच’ असं असतं.

वीज गेली, नेटवर्क गेलं

पूर येतो तेव्हा बाकी सगळं सुरळीत चालू असतं, असं समजून लिहिलेलं सॉफ्टवेअर पुराच्या उपयोगाचं नाही. २०१९ मध्ये बुडालेल्या भागांत वीजपुरवठा बंद ठेवावा लागला आणि मोबाईल सेवाही विस्कळीत झाली. म्हणून मोडतोड आपणच आधी करून पाहायची. टॉक्सीप्रॉक्सीसारखं साधन दोन भागांच्या मध्ये बसतं आणि हुकमाप्रमाणे जोडणी संथ करतं, तोडतं, अर्धवट ठेवतं. नेटफ्लिक्सने चालू यंत्रणेतले सर्व्हर मुद्दाम बंद पाडणारा केऑस मंकी बनवला, त्यामागचाही विचार हाच. आपल्याला तेवढ्या थराला जायची गरज नाही. चाचणीच्या सर्व्हरवर करून पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

केंद्र गप्प झालं तर निदान लक्षात येतं. त्याहून घातक असतो शिळा आकडा. उपकरण अडकतं, तास-तास एकच पातळी पाठवत राहतं आणि पडद्यावर नदी स्थिर दिसते. म्हणून एक चाचणी अशी हवी: कराडची पातळी मुद्दाम गोठवून ठेवायची, वरून कोयनेचा विसर्ग वाढवायचा आणि सॉफ्टवेअर किती वेळात ‘या केंद्रावर विश्वास ठेवू नका’ असं म्हणतं ते मोजायचं. पडद्यावर प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या वेळचा आहे हे दिसलंच पाहिजे. तेही चाचणीत धरायचं.

भाराची चाचणी यालाच जोडून येते. एरवी पातळीचं पान दिवसात मोजकेच लोक उघडतात. पाणी ४० फुटांकडे सरकलं की सगळं शहर आणि पुण्या-मुंबईतले सगळे सांगलीकर एकाच वेळी उघडतात. जेमीटर, केसिक्स, लोकस्ट ही साधनं अशी गर्दी कृत्रिमपणे उभी करतात. सरासरी वेळ पाहून समाधान मानायचं नाही. शंभरातल्या ज्या पाच जणांना सगळ्यात जास्त थांबावं लागलं, त्यांचा वेळ पाहायचा. गर्दीमुळे पान कोलमडलं तरी संदेश पाठवणारा भाग चालू राहतो का, हे तर पाहायलाच हवं. दोन्ही एकाच सर्व्हरवर असतील तर ही चाचणी पहिल्या दिवशीच ते उघड करते.

संदेश हातात पडेपर्यंत

मराठी संदेशाचं एक तांत्रिक गणित आहे. इंग्रजी अक्षरांचा एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीचा ७० चा. काना, मात्रा, वेलांटीही त्यात मोजली जाते. त्याहून मोठा मजकूर तुकड्यांत जातो आणि गर्दीच्या नेटवर्कवर दुसरा तुकडा उशिरा पोचू शकतो. ‘वाळवा’ला एकाच तुकड्यात बसलेला संदेश ‘कसबे डिग्रज’ला दोन तुकड्यांत जातो. आणि ‘स्थलांतर करा’ हे शब्द नेमके शेवटी असतील तर? म्हणून यादीतल्या प्रत्येक गावाचं नाव घालून संदेशाची लांबी तपासणारी चाचणी हवी आणि काय करायचं ते मजकुराच्या सुरुवातीलाच हवं.

बाहेरची सेवा आपल्या हातात नसते हेही ध्यानात ठेवायला हवं. ८ मार्च २०२१ रोजी व्यावसायिक संदेशांचे मजकूर नोंदणीशी ताडून पाहण्याचा नियम दूरसंचार कंपन्यांनी अमलात आणला आणि देशभर ओटीपी अडले. कोणाच्याही प्रोग्राममध्ये त्या दिवशी एक अक्षर बदललं नव्हतं. यावर उपाय एकच: चालू यंत्रणेतून रोज एक खरा संदेश स्वतःच्या फोनवर पाठवायचा आणि ठरल्या वेळात आला नाही तर ड्युटीवरच्या माणसाला उठवायचं. काही गोष्टी खऱ्या नेटवर्कवरच तपासता येतात. जुलै २०२३ पासून केंद्र सरकारने देशभरच्या मोबाईलवर आपत्ती-इशाऱ्याचे चाचणी संदेश पाठवले ते याच कारणाने. फोन मोठ्याने वाजत होते आणि संदेशात ही चाचणी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं.

पडद्यावरची सगळी वाट, म्हणजे लॉगिन, गाव निवडणं, संदेश सोडणं, हे माणसासारखं ब्राउझर चालवून तपासायला सेलेनियम किंवा त्याहून नवं प्लेराइट आहे. या चाचण्या हळू चालतात आणि पानात थोडा बदल झाला तरी मोडतात. म्हणून त्या मोजक्याच ठेवायच्या: ज्या वाटा बंद पडल्या तर इशारा थांबेल, तेवढ्याच.

शेवटची कडी माणसाची. २०१९ मध्ये नदीकाठच्या अनेकांनी २००५ ची खूण प्रमाण मानली: तेव्हा पाणी इथवर आलं होतं, यंदा त्यापुढे येणार नाही. पाणी त्या खुणेच्या पुढे गेलं. ‘आयर्विन पुलाजवळ पातळी ५२ फूट अपेक्षित’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. पण सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा सखल वस्त्यांत पाणी इशारा पातळीच्या आधीच शिरू लागतं. तिथल्या माणसाला ५२ फूट म्हणजे आपल्या दारात किती, हे कळलं पाहिजे. याची चाचणी कोणतंही साधन घेत नाही. संदेशाचा मसुदा घेऊन पलूस, मिरज, वाळवा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत जायचं, लोकांना वाचायला द्यायचा आणि विचारायचं: हे आलं तर तुम्ही काय कराल? जनावरं कधी सोडाल? उत्तरं जुळली नाहीत तर संदेश नापास, मग कोड कितीही शुद्ध असो.

साधन निवडताना

आता निवडीचा क्रम लक्षात येईल. आधी साधन आणि मग त्याला काम, असं करायचं नाही. सुरुवात एका यादीने करायची: काय बिघडलं तर कोणाचं किती नुकसान होईल, आणि ते आज आपल्याला कोणत्या चाचणीत दिसेल? ज्या ओळीपुढे ‘कुठेच दिसणार नाही’ असं लिहावं लागतं, तिथे पहिली चाचणी लिहायची. मग साधनाला चार प्रश्न विचारायचे. गटातल्या सगळ्यांना येणाऱ्या भाषेत ते चालतं का? खरे संदेश न पाठवता, इंटरनेट नसतानाही चालवता येतं का? चाचणी नापास झाली की चूक कुठे आहे ते नीट सांगतं का? आणि आजचे विद्यार्थी नोकरीला बाहेर गेल्यावर पुढच्या वर्षीच्या गटाला ते सांभाळता येईल का? वर नाव घेतलेली साधनं मुक्त स्रोताची आहेत किंवा त्यांची मुक्त आवृत्ती मिळते, त्यामुळे पैसा हा सहसा अडसर नसतो. खर्च होतो तो ती शिकण्याचा आणि टिकवण्याचा. म्हणून दहा साधनं अर्धवट वापरण्यापेक्षा तीन नीट वापरावीत.

आणखी एक पथ्य कडक पाळायचं. कधी पास, कधी नापास होणारी चाचणी तशीच चालू ठेवायची नाही. ती दुरुस्त करायची, नाहीतर बाजूला काढायची. खोटे इशारे वारंवार आले की गाव इशाऱ्यांकडे लक्ष देईनासं होतं. चाचण्यांच्या बाबतीत प्रोग्रामरचंही तसंच होतं आणि ज्या दिवशी नापास हा निकाल खरा असतो त्या दिवशी तो कोणी वाचत नाही.

मेमध्ये काय, जुलैमध्ये काय

चाचण्या कधी चालवायच्या हे ठरवणं हा निवडीचाच भाग आहे. कोडमध्ये प्रत्येक बदल झाला की युनिट टेस्ट, एककांचे करार आणि ताळेबंदाचे नियम चालावेत. हे सगळं काही मिनिटांत संपलं पाहिजे, नाहीतर लोक टाळू लागतात. रोज रात्री खऱ्या डेटाबेसवर जुने पूर आणि प्लेराइटच्या मोजक्या वाटा. आठवड्यातून एकदा नेटवर्कची मोडतोड आणि गर्दी.

एप्रिल-मे मात्र वेगळे. धरणांवर पावसाळ्याआधी दरवाजे उचलून पाहतात, तसं सॉफ्टवेअरचंही झालं पाहिजे. एक दिवस ठरवून २०१९ चा पूर सोडायचा, मधेच एक सर्व्हर बंद करायचा, एका केंद्राचा आकडा गोठवायचा आणि ड्युटीवरची माणसं काय करतात ते टिपून घ्यायचं. जून ते ऑक्टोबर नवी सोय घालायची नाही, फक्त दुरुस्त्या, आणि त्याही जुने पूर पुन्हा चालवून पास झाल्यावरच. नवं मॉडेल आणायचंच असेल तर पावसाळाभर ते जुन्याच्या शेजारी मुकाट चालू द्यायचं. त्याचे आकडे नोंदवायचे, गावाला पाठवायचे नाहीत, आणि पाऊस सरल्यावर दोघांची तुलना करायची.

पावसाळा संपला की त्या वर्षीचा पूर आकड्यांच्या फायलीत बांधून चाचण्यांच्या संग्रहात घालायचा. कोणता इशारा उशिरा गेला, कोणतं केंद्र फसवून गेलं, कोणत्या गावाने संदेशाचा वेगळाच अर्थ घेतला, या प्रत्येकाची एक कायमची चाचणी करायची. पूर थांबवणं सॉफ्टवेअरच्या हातात नाही. पण यंदा झालेली चूक पुढच्या पावसात पुन्हा होणार नाही, एवढी हमी आपण देऊ शकतो आणि नदीकाठच्या माणसाला ती मागायचा पूर्ण हक्क आहे.